साळूच्या अंगणातलं ऊन

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते मला विचारू नका. ज्या गावाची ही गोष्ट, त्या गावात आता ते सांगायला कुणी उरलेलं नाही.

दोन उंच डोंगरांच्या मधे, खोल दरीत एक गाव होतं. उन्हाळ्या-पावसाळ्यात गावाचं बरं चाललेलं असायचं. पण दिवाळी सरली, सूर्य दक्षिणेकडे झुकला, की दक्षिणेच्या डोंगराची सावली गावावर यायची आणि थेट होळीपर्यंत हलायची नाही. समोर उत्तरेच्या डोंगरावर लख्ख ऊन पडलेलं, आणि खाली गावात माणसं दात वाजवत बसलेली. काय करता? डोंगर का कुणाचं ऐकतो!

मग त्या गावात एक कासार जन्माला आला. भांडी घडवता घडवता त्याच्या ध्यानात आलं, की घासलेल्या ताटावर ऊन पडलं की त्याचा कवडसा समोरच्या भिंतीवर पडतो. त्याने माणसाच्या उंचीचे काशाचे आरसे ओतले, घासून घासून लखलखीत केले आणि उत्तरेच्या डोंगरावर ओळीने उभे केले. जितकी घरं तितके आरसे. वरचं ऊन आरशावर पडायचं आणि आरशावरून खाली एकेका अंगणात उतरायचं.

पण सूर्य काही एका जागी बसून राहत नाही. म्हणून कासाराने प्रत्येक आरशामागे पाण्याचा एक रांजण ठेवला. रांजणातून थेंब थेंब पाणी खालच्या घड्यात पडे, घडा जड होई, दोरी ताणली जाई, आणि आरसा सूर्याच्या मागोमाग सावकाश वळत राही. त्यामुळे अंगणात आलेलं ऊन दिवसभर अंगणातच थांबे. कोणत्या आरशाने कोणत्या अंगणाकडे बघायचं, ते एका लाकडी खुंटीवर ठरे. खुंटी या भोकात घातली की ऊन या घरी, त्या भोकात घातली की त्या घरी. बस्स, एवढंच.

हे आरसे सांभाळणाऱ्याला गाव उनकरी म्हणे. आपल्या गोष्टीतल्या उनकऱ्याचं नाव गोंदा. त्याचा बाप उनकरी, आजाही उनकरी. बापाने लहानपणीच त्याला धडा दिला होता.

"गोंदा, ध्यानात ठेव. सूर्य एक बोट सरकला की आरसा अर्धंच बोट सरकवायचा. पुरता सरकवलास तर ऊन भलतीकडे जाईल. अर्धं काम सूर्याचं, अर्धं आपलं. सूर्य त्याचं कधी चुकवत नाही. आपण आपलं चुकवायचं नाही."

गोंदाने चुकवलं नाही. पहाटे वर चढायचा, रांजण भरायचा, खुंट्या तपासायचा, आणि सूर्य मावळल्यावर खाली उतरायचा. स्वभावाने गरीब माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पाटलाने सांगितलं की "होय पाटील", पंचांनी सांगितलं की "होय पंच." सारं गाव त्याला भला माणूस म्हणायचं. आता भला म्हणजे काय, ते गोष्ट संपल्यावर तुम्हीच ठरवा.

गोंदाची बायको कधीच गेली होती. एकुलती एक लेक, साळू. तिला त्याने गावातच दिली होती. जावई दर हिवाळ्यात गुरं घेऊन खालच्या मुलखात जाई आणि होळीला परते. त्या वर्षी तो गेला आणि मागे साळू बाळंत झाली, तीही आठव्या महिन्यात. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. बारसं अजून व्हायचं होतं, म्हणून सगळे तिला चिमी म्हणत.

सुईणीने पोरीला उलटसुलट करून पाहिलं आणि साळूला म्हणाली, "हिच्या अंगात ऊब धरत नाही गं. शेगडी पेटवलीस तर धुरानं गुदमरेल, छाती कच्ची आहे. रोज उन्हात ठेव. होळीपर्यंत निभावली, तर मग हिला काही होत नाही. पण ऊन चुकवू नकोस, बाई."

साळूने चुकवलं नाही. रोज सकाळी ऊन अंगणात उतरलं की ती गोधडी अंथरायची आणि चिमीला तिच्यावर ठेवायची. वरून गोंदाला ते दिसायचं. एवढ्या उंचीवरून लेक दिसायची मुंगीएवढी, आणि नात तर दिसायचीच नाही, नुसता गोधडीचा लाल ठिपका. पण तो ठिपका उन्हात आहे हे बघितलं की म्हाताऱ्याला कसं बरं वाटायचं. साळूचा आरसा तो स्वतःच्या पंच्याने पुसायचा. एवढा एक पक्षपात होता त्याच्या आयुष्यात.

आता त्या गावाची एक रीत होती. दर पौर्णिमेला प्रत्येक घराने डोंगर चढून आपापला आरसा चिंचेने आणि राखेने घासायचा. कासं फार लवकर काळवंडतं, आणि काळवंडलेला आरसा ऊन देत नाही. रीत चांगलीच होती.

त्या हिवाळ्यात एका पौर्णिमेला कोंडाई आली नाही. कोंडाई म्हणजे गावाच्या टोकाला राहणारी एकटी विधवा. पाय सुजून हा एवढा झालेला. पंच बसले, कोंडाई काठी टेकत आली आणि म्हणाली, "पाय बघा माझा. पुढच्या पौर्णिमेला दोनदा घासीन."

पाटलाने मान हलवली. "आज तुझा पाय सुजला. उद्या साऱ्या गावाचे पाय सुजतील. मग आरसे कोण घासणार, मी? आरसा घासत नाहीस, तर तुला ऊन नाही. आणि ज्याला ऊन नाही त्याला डोंगरही नाही. वर चढायचं नाही, दुसऱ्याच्या उन्हात बसायचं नाही."

असा निकाल त्या गावात आधी कधी लागला नव्हता. लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी विचारलं, "मग तिच्या वाटचं ऊन कुठे जायचं? पाटलाच्या अंगणात?"

तेव्हा एक म्हातारा पंच उठला. "छे छे! एकाच्या घरचं काढून दुसऱ्याच्या घरात कशाला? आपल्या कोठारावर जाऊ द्या. गेल्या वर्षी निम्मं धान्य बुरशीनं गेलं. कोठार काही कुणा एकाचं नाही, सगळ्यांचं आहे."

अहाहा, काय शहाणपणाची गोष्ट! सगळ्यांनी माना डोलावल्या. एका म्हातारीचं ऊन काढून घेतल्याची जी थोडी लाज वाटत होती, तीही गेली. सगळ्यांच्या भल्याचं काम म्हटलं की लाजायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी गोंदाने कोंडाईच्या आरशाची खुंटी एका भोकातून काढली आणि दुसऱ्या भोकात घातली. ऊन कोंडाईच्या अंगणातून निघालं आणि कोठाराच्या गवती छपरावर जाऊन बसलं. गोंदाला वाईट वाटलं. पण तो मनाशी म्हणाला, निकाल पंचांचा. मी आपला खुंटीचा धनी.

एकदा सवय लागली की लागलीच. ही शिक्षा फार सोयीची होती हो. कुणाला काठी मारायला नको, कुणाला गावाबाहेर काढायला नको. नुसती खुंटी हलवायची. एकाचा आरसा नीट घासला नाही, ऊन बंद. एकाने पाटलाला उलट उत्तर दिलं, ऊन बंद. एकाच्या शेळीने पंचाच्या परसातला भोपळा खाल्ला, त्याचंही ऊन बंद! आणि प्रत्येकाचं ऊन कोठारावर. लोक कोठारात डोकावायचे, जोंधळा मुठीत घेऊन खुळखुळवायचे आणि म्हणायचे, "बघा, यंदा कशी कीड नाही की बुरशी नाही." ज्यांच्या घरी अजून ऊन होतं तेच हे म्हणायचे. ज्यांचं गेलं होतं ते घरात कुडकुडत बसायचे, त्यांना विचारतो कोण?

संक्रांत जवळ येईपर्यंत निम्म्याहून अधिक आरसे कोठाराकडे वळले होते. इतका उजेड तिथे, की छपराकडे बघवत नसे.

गोंदाला वरून एक गोष्ट दिसली. कोठाराच्या छपरावर पारव्यांचा थवा बसायचा, तो बसेनासा झाला. एखादं पाखरू चुकून टेकलं तर तडक उडायचं. गवत पिवळ्याचं तपकिरी झालं होतं. संध्याकाळी खाली उतरताना करपल्यासारखा वास यायचा. तो पाटलाकडे गेला.

"पाटील, छपरावर ऊन फार झालंय. गवत करपतंय. पाखरं बसत नाहीत."

"पाखरं बसत नाहीत म्हणजे धान्य खात नाहीत. बरंच झालं की!" पाटील हसला. "गोंदा, तुझं काम काय?"

"आरसे फिरवायचे."

"मग फिरव. विचार करायला पंच आहेत."

"होय पाटील," गोंदा म्हणाला आणि घरी गेला. इतकं सोपं होतं ते त्याला. आयुष्यभर तेच तर म्हणत आला होता.

आता ऐका पुढचं. एके सकाळी साळू चिमीला घेऊन अंगणात बसली होती. समोरच्या वाटेवरून कोंडाई चालली होती. चालली कसली, फरफटत होती. ओठ काळेनिळे पडलेले, दातावर दात वाजत होते. साळूने हाक मारली, "मावशी, या. घटकाभर बसा इथे."

"नको गं पोरी. माझं ऊन बंद आहे. तुला ताप होईल."

"होऊ दे. बसा म्हणते ना!"

कोंडाई उन्हात बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. साळूने चिमीला तिच्या मांडीवर दिलं. दोघी, म्हातारी आणि तान्ही, एकाच उन्हात शेकल्या. ते कुणीतरी पाहिलं, आणि दुपारपर्यंत पाटलाच्या कानावर घातलं. संध्याकाळी निकाल झाला. बंदीवाल्या बाईला आपल्या उन्हात घेतलं, म्हणून साळूचं ऊन बंद.

गोंदा धावत आला. तो पंचांसमोर हात जोडून उभा राहिला. "पोर आठव्या महिन्यातली आहे. होळीपर्यंत तरी राहू द्या."

"आज उनकऱ्याच्या लेकीला सोडलं, तर उद्या गाव आम्हाला काय म्हणेल?" पाटील म्हणाला. "न्याय सगळ्यांना सारखा. उद्या सकाळी खुंटी बदल."

गोंदा तसाच लेकीकडे गेला. साळू चिमीला पदराखाली घेऊन बसली होती. तिला सगळं कळलं होतं.

"आबा, तुम्ही फिरवणार?"

गोंदा खाली बघत म्हणाला, "निकाल पंचांचा आहे, साळू. मी नाही फिरवला, तर दुसरा कुणीतरी फिरवील."

"मग दुसऱ्या कुणाला फिरवू द्या."

तो पुटपुटला, "थोडे दिवस कळ काढ. संक्रांतीला सगळे पंच कोठारापाशी तीळगूळ वाटायला जमतात. तेव्हा मन जरा मऊ असतं त्यांचं. मी पाया पडेन सगळ्यांच्या."

"तिला संक्रांत कळत नाही, आबा," साळू म्हणाली. "तिला फक्त थंडी कळते."

सकाळी गोंदा वर गेला. साळूच्या आरशासमोर बराच वेळ उभा राहिला. खुंटीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. खाली अंगणात लाल गोधडीचा ठिपका होता. अहो, तिथे त्याला अडवायला पाटील नव्हता, पंच नव्हते. एवढ्या मोठ्या डोंगरावर एकटा तो आणि ती खुंटी. मनात आणलं असतं तर! पण त्याने मनात आणलं नाही. खुंटी उपसली, दुसऱ्या भोकात ठोकली. ठिपक्यावरचं ऊन उठलं आणि कोठारावर गेलं.

त्यानंतर आकाश रोज निरभ्र होतं. रोज ऊन होतं. रोज ते साळूच्या अंगणावरून कोठाराकडे जात होतं. चिमी आधी रडायची, मग कण्हायची, मग तेही बंद झालं. गोंदा संध्याकाळी येऊन तिचे पाय हातात घेऊन चोळत बसायचा आणि म्हणायचा, "आली संक्रांत. आता आलीच." साळू त्याच्याशी बोलत नसे.

संक्रांत उजाडली. गोंदाने पहाटे रांजण भरले, खुंट्या तपासल्या. उजाडल्यावर त्याने खाली पाहिलं. साळू अंगणात उभी होती. लाल गोधडीचं गाठोडं छातीशी धरलेलं, आणि मान वर, थेट त्याच्याकडे. ती हलत नव्हती. जिथे पूर्वी ऊन पडायचं, बरोबर त्या जागी उभी होती.

गोंदाचा हात तिच्या आरशाच्या खुंटीकडे गेला. एका क्षणाचं काम. तेवढ्यात कोठारापाशी त्याला पंचांचे फेटे दिसले. ते तीळगुळाची ताटं मांडत होते. साळूच्या अंगणात ऊन उतरलं असतं तर त्यांना लगेच दिसलं असतं. आणि आज तर त्यांच्या पाया पडायचं होतं. ते चिडले तर? गोंदाने हात मागे घेतला. आणखी थोडा वेळ, साळू, तो स्वतःशीच म्हणाला. दुपारी तीळगूळ वाटून झाला की मी खाली येतोच.

सूर्य वर चढला. आरसे त्याच्यामागे अर्धं अर्धं बोट सरकत राहिले. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. दुपारी डोंगरावरून वारा सुटला, खाली कोठारापर्यंत पोचला, आणि छपराच्या मधोमध एक धुराची रेघ उठली.

गोंदा ओरडला. तिथून कुणाला ऐकू जाणार? तो धावत सुटला, या आरशाची खुंटी उपस, त्या आरशाची उपस. पण करपलेल्या गवताने एकदा पेट घेतल्यावर आरशांची गरजच नव्हती. छप्पर भडकलं. त्याखाली साऱ्या गावाचं वर्षाचं धान्य होतं, इतकं कोरडं, इतकं खणखणीत, की ते दारूसारखं पेटलं. लोक घागरी घेऊन धावले. त्या आगीजवळ जाणं कुणाला जमेना.

सगळ्यात शेवटी गोंदाने साळूच्या आरशाची खुंटी तिच्या जागी घातली. ऊन सरसरत अंगणात गेलं आणि साळूवर पडलं. ती अजून तिथेच उभी होती. उन्हात आल्यावरही ती हलली नाही.

गोंदा डोंगर उतरून गावात आला, तेव्हा सारं गाव कोठाराभोवती गोळा झालं होतं. ज्यांचं ऊन बंद होतं तेही आले होते, आणि कुणी त्यांना हाकललं नाही. कोंडाई हात पुढे करून शेकत उभी होती. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच सगळ्या गावाला एकसारखी ऊब मिळत होती. स्वतःचंच धान्य जाळून मिळालेली ऊब होती ती. बायका रडत होत्या आणि रडता रडता आगीच्या जवळ सरकत होत्या.

पाटलाने गोंदाला पाहिलं आणि त्याची मानगूट धरली. "जाळलंस! सगळ्यांच्या तोंडचा घास जाळलास!"

"मी कुठे?" गोंदा कळवळून म्हणाला. "मी तर फक्त... हुकूम तुमचा होता, पाटील. पंचांचा होता."

"हुकूम आमचा होता," पाटील म्हणाला. "आणि हात कुणाचा होता?"

पाटील लबाड होता, आपलं पाप दुसऱ्यावर ढकलत होता, हे खरंच. पण त्याचा प्रश्न खोटा नव्हता. गोंदाने मानगूट सोडवून घेतली आणि तो लेकीच्या घराकडे पळाला.

अंगणभर ऊन होतं. साळू आता पायरीवर बसली होती, गाठोडं मांडीवर. गोंदाने धापा टाकत म्हटलं, "साळू, आलं बघ ऊन! आता कुणी बंद करणार नाही. ठेव, तिला खाली ठेव."

साळूने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं.

"चिमी पहाटेच गेली, आबा."

"मग... मग सकाळपासून तू अंगणात का उभी होतीस?"

"बघत होते," साळू म्हणाली, "तुम्ही फिरवता का."

पुढची गोष्ट थोडी आहे. धान्याविना गाव होळीपर्यंत तगलं नाही. लोक गाठोडी बांधून खालच्या मुलखात निघाले. कोंडाईसारखे कितीतरी वाटेतच दगावले. साळू नवऱ्याला शोधत गेली आणि जाताना बापाला भेटली नाही. पाटील गेला, पंच गेले, घरांची दारं उघडी राहिली. एक सोडून बाकीचे आरसे चिंच-राखेविना काळवंडले.

एकटा गोंदा मागे राहिला. म्हणतात, मरेपर्यंत तो रोज पहाटे वर चढत होता आणि एकच आरसा घासत होता. एकच रांजण भरत होता, एकच खुंटी जागेवर घालत होता. दिवसभर रिकाम्या अंगणात ऊन पडलेलं असायचं, अगदी जिथे लाल गोधडी अंथरलेली असायची तिथे. त्या उन्हाचा आता कुणाला काही उपयोग नव्हता.

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, एवढं गाठीला बांधा: हुकूम कुणाचाही असो, तो पाळणारा हात आपला असेल तर त्याचं पापही आपलंच असतं.